तिनं माप काढलं

मला सुखी माणूस बघवत नाही. तसा मी वाईट नाही हो, चिमटे काढतो, रक्त काढत नाही. पण समोर एखादा माणूस दिवसभर गालातल्या गालात हसत मशीन चालवतोय, त्याला लॉटरी लागलेली नाही की कुठला नातेवाईक मेलेला नाही, तर माझ्या पोटात दुखायला लागतं. आणि आमच्या दुकानात असा माणूस माझ्यापासून चार फुटांवर बसायचा. बख्या.

दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. खाली चपलांचं दुकान, शेजारी दातांचा डॉक्टर, त्यामुळे आमच्या जिन्यावरून चढणारी निम्मी माणसं कण्हतच वर येतात. कापायचं मोठं टेबल माझं. कटिंग मी करतो, म्हणून लोक मला मास्तर म्हणतात. खिडकीजवळचं मशीन बख्याचं. बखिया म्हणजे उलटी टीप, सुई एक पाऊल पुढं जाते आणि अर्धं मागं येते. शिलाई पक्की, पण वेळ दुप्पट. याचं चालणं तसं, बोलणं तसं, म्हणून बख्या. खरं नाव त्याच्या बायकोच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती त्याला ‘अहो’ म्हणायची.

माझे उद्योग सगळ्या रस्त्याला माहीत आहेत. एका वकिलाच्या पॅन्टचा खिसा मी एकाच टाक्यात आतून शिवून ठेवला होता. भर कोर्टात रुमाल काढायला गेला आणि हात बाहेरच अडकला. तरी तो आमच्याकडेच येतो. दुसरीकडे गेला तर मी सगळ्यांना त्याच्या कंबरेचा आकडा सांगेन, हे त्याला ठाऊक आहे.

कंबरेवरून आठवलं. आमच्या दुकानाचा एक नियम आहे. मी माप घेतो आणि मोठ्यानं आकडा सांगतो, बख्या वहीत लिहितो. आता बाकड्यावर चार माणसं बसलेली असताना कुणाची कंबर ‘बेचाळीस!’ म्हणून ओरडायची का? गिऱ्हाईक परत येईल का? म्हणून पोट असेल त्यापेक्षा दोन इंच कमी ओरडायचं. मी चाळीस ओरडतो, बख्या मुकाट बेचाळीस लिहितो. गिऱ्हाईक आरशात पोट आत घेऊन खूश. अठरा वर्षं हे चाललंय. बख्याच्या डोक्यात ते इतकं बसलंय की मी ‘दोन चहा’ ओरडलो तर तो चार सांगायचा.

तर याचं सुख म्हणजे याची बायको. वहिनी. लग्नाला बावीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. ती पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघरात काम करायची. त्या पाळणाघराच्या दारावर पाटी आहे, ‘येथे मुलांना बिनशर्त प्रेम मिळेल.’ मी एकदा जाता जाता खिशातल्या खडूनं ‘त’चा ‘ट’ करून टाकला. बिनशर्ट प्रेम. आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका बापानं जाऊन गंभीरपणे विचारलं, पोराला कपडे घालून पाठवायचं की तसंच?

पण वहिनींचं प्रेम खरंच तसलं होतं, त्या पाटीवरचं. बख्या सकाळी आला की सुरू व्हायचा. “मास्तर, काल हिला दवाखान्याच्या दारात उभं केलं आणि विसरलोच. तीन तास.”

“मग? फोडलं का तुला?”

“छे. म्हणाली, असू द्या हो, तुम्ही आहात ना, मग झालं. म्हणाली, तेवढंच निवांत बसायला मिळालं.”

आता मी माझ्या घरचं सांगतो. आमच्या हिला मी तीन मिनिटं उभं केलं तर ती मला तीन वर्षांपूर्वीची तीन मिनिटंसुद्धा काढून दाखवते. आमच्याकडे प्रेम आहे, पण नियम व अटी लागू. आणि इथं हा बाबा तीन तास फुकटात सुटतो! माझ्या पोटात जे दुखलं, त्याला शेजारच्या डॉक्टरकडे औषध नव्हतं.

मी काडी टाकली. म्हटलं, “बख्या, वहिनी तुझ्यावर प्रेम करतात, कबूल. पण तुझ्यावरच का?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझ्यात असं काय बघितलं? तुझ्याजागी मी असतो, किंवा तो खालचा चपलावाला असता, तरी एवढंच केलं असतं का?”

तो हसला. एक पाऊल पुढं. मग मशीन थांबलं, अर्धं पाऊल मागं. दुपारी त्यानं विचारलं, “चपलावाला का?”

त्याच दिवशी पाळणाघराचे बारा एप्रन शिवून तयार होते. मी म्हटलं, तूच जा देऊन ये. तो गेला आणि अर्ध्या तासानं आला तो चेहरा इस्त्रीखाली सापडल्यासारखा करून.

“काय झालं रे?”

“मास्तर, एका पोरानं गादी ओली केली होती. रडत होतं. ही त्याला जवळ घेऊन म्हणाली, असू दे राजा, तू आहेस ना, मग झालं.”

“बरं मग?”

“अहो, आज सकाळी मी दुधाचं पातेलं जाळलं. तेव्हा मला काय म्हणाली माहीत आहे? असू द्या हो, तुम्ही आहात ना, मग झालं.” तो स्टुलावर बसला. “तोच आवाज, मास्तर. तोच हात, इथं, मानेच्या मागं. मग माझ्या वाट्याला वेगळं काय आलं? एक ‘अहो’?”

“आणि तेही गादी ओली न करता,” मी म्हटलं.

मला वाटलं होतं, गंमत इथंच संपेल. पण त्याच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, “तिनं एकदा तरी माझ्यावर चिडावं, मास्तर. फक्त माझ्यावर. म्हणजे मला कळेल तरी, की मी तिला दिसतो.”

बघा, याला म्हणतात विकतचं दुखणं. मला तर हाती कात्री आणि पुढं ताजा कापडाचा तागा मिळाल्यासारखं झालं. आम्ही कामाला लागलो. मी सांगायचं, त्यानं करायचं.

पहिल्यांदा त्यानं तिच्या ड्रेसची एक बाही उलटी लावली. ती घालून कामावर गेली. पोरं हसली, ती त्यांच्याबरोबर हसली. मग त्यानं आठ दिवस जेवणाला नावं ठेवली. तिनं आठ दिवस मीठ-तिखट बदलून बघितलं आणि नवव्या दिवशी विचारलं, आज जमलं का हो? मग तो तिच्या भावाला, घरी आलेल्या माणसाला, तोंडावर म्हणाला की तुझी बहीण मला पसंतच नव्हती. भाऊ उठून गेला. ती म्हणाली, दमला असाल तुम्ही.

“हिला कुठं भोक पाडावं तेच कळत नाही,” बख्या म्हणाला. एव्हाना त्याची शिलाई बिघडायला लागली होती. एका कोटाला त्यानं दोन डाव्या बाह्या लावल्या.

मी विचारलं, “वहिनींना जीव की प्राण असं काय आहे घरात?”

त्यानं आधी सुईत दोरा ओवला. मग म्हणाला, “तिच्या आईची फणी आहे. लाकडाची. चार दात गेलेत. रोज त्याच फणीनं विंचरते.”

मी नुसते खांदे उडवून कापड मोजायला लागलो. कधी कधी एवढंच पुरतं.

त्यानं ती फणी रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. वहिनींनी दोन दिवस घर उपसलं. कपाटं सरकवली, पाळणाघरातून एक लांब काठी आणून पलंगाखाली फिरवली. तिसऱ्या दिवशी यानं सांगितलं, मीच टाकली, जुनी झाली होती. ती खाली बसली. हातातली काठी तिनं भिंतीला नीट टेकवून ठेवली. आणि मग म्हणाली, “असू द्या हो. तुम्ही आहात ना.”

“‘मग झालं’ म्हणाली नाही, मास्तर,” बख्या मला दुसऱ्या दिवशी सांगत होता. डोळे सुजलेले. “एवढंच कमी म्हणाली. पण चिडली नाही. मी माणूस आहे की गादी?”

आता माझ्यातही थोडी माणुसकी आहे, शिवाय दोन डाव्या बाह्यांचा कोट मला उसवायला लागला होता. मी दुपारी पाळणाघरात गेलो. पोरं ओळीनं झोपलेली. वहिनी दारात बसून छोट्या छोट्या मोज्यांच्या जोड्या लावत होत्या.

“वहिनी, एक काम होतं. बख्याची एक तक्रार करा.”

“कुणाकडे?”

“त्याच्याकडेच. त्याला म्हणा, तुमचं अमुक मला आवडत नाही. एकच. पुरे.”

त्यांनी मोजा हातात धरून विचार केला. खूप केला. कपाळाला आठ्या पडल्या. “चहा पिताना आवाज करतात,” शेवटी म्हणाल्या. मग लगेच, “पण तो मला आवडतो, भावजी. स्वयंपाकघरात असले तरी कळतं, घरात कुणीतरी आहे.”

“आवडत नाही म्हणा.”

“खोटं?”

“त्याला बरं वाटेल. माणूस झुरतोय तिकडं.”

“त्यांना बरं वाटणार असेल तर म्हणते की,” वहिनी म्हणाल्या आणि मोजे मोजायला लागल्या. बाईनं नवऱ्याला नावं ठेवायलासुद्धा प्रेमानंच होकार दिला. मी दुकानाचा जिना चढताना एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी बख्या शिट्टी वाजवत आला. “मास्तर, बोलली! म्हणाली, तुमचं ते फुरफुर चहा पिणं मला मुळीच आवडत नाही! तोंड असं वाकडं करून!” त्यानं खालून चहा मागवला, वकिलाला पाजला, मला पाजला. स्वतः मात्र बशीत ओतून आवाज न करता चाटत बसला. इतका आनंद मी त्याला लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा झालेला बघितला नव्हता.

हा आनंद अकरा वाजेपर्यंत टिकला.

अकरा वाजता एक जाडजूड गिऱ्हाईक आलं. मी टेप फिरवली, ओरडलो, “कंबर अडतीस!” बख्यानं चाळीस लिहिलं आणि त्याची पेन्सिल तिथंच थांबली. गिऱ्हाईक गेल्यावर तो हळूच म्हणाला, “चहाच का, मास्तर?”

“का म्हणजे?”

“ती चहा म्हणाली. म्हणजे खरं त्यापेक्षा जास्त असणार. तोंडावर कुणी पुरतं माप ओरडतं का?”

मी सांगतो, हे फक्त शिंप्याच्याच डोक्यात येऊ शकतं. दुसऱ्या कुठल्याही नवऱ्यानं चहावर सुटलो म्हणून हात जोडले असते. यानं वरचे दोन इंच शोधायला सुरुवात केली.

संध्याकाळी घरी जाऊन त्यानं तिला विचारलं, अजून काय? ती म्हणाली, अजून काही नाही. हा हटून बसला. खरं सांग, तू कमी करून सांगतेस. तिला काय, याला बरं वाटायला हवं! तिनं शोधून एक दिलं, आंघोळ झाल्यावर ओला टॉवेल खुर्चीवर टाकता. हा खूश. तासाभरानं पुन्हा, अजून? तिनं आणखी एक दिलं. रोज सकाळी दुकानात बातमीपत्र. “आज म्हणाली, तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही.” “आज म्हणाली, रस्त्यानं माझ्या पुढं चालता, मागं वळून बघत नाही.” मी आणि बाकड्यावरची मंडळी वाट बघायचो. वकील तर शिवायला काही नसताना यायला लागला.

पण बघा हं, मजा कशी होते. बाईकडे तयार माल नव्हता. तिला तक्रार हवी तर आधी नवऱ्याकडे बघायला लागायचं. बावीस वर्षं तिनं त्याच्यावर जीव लावला होता तो सरसकट, अंगावर पांघरूण टाकावं तसा. आत काय झोपलंय ते उचकून बघितलं नव्हतं. आता ती रोज पांघरुणाचा एक कोपरा उचलायला लागली. चमचा कसा धरतो, दाराशी आलेल्या म्हाताऱ्याशी कसा बोलतो, ती आजारी असताना किती वेळा खोलीत येतो.

महिन्याभरात बख्यानं बातम्या सांगणं बंद केलं. मी विचारलं, आज काय म्हणाल्या? तर म्हणाला, धागा संपलाय. समोर चार रिळं होती.

“अरे सांग की!”

“आता मी विचारत नाही, मास्तर,” तो मशीनकडे बघत म्हणाला. “मी न विचारताच ती सांगते.”

पुढच्या आठवड्यात तो माझ्या पाया पडायचा बाकी राहिला. “तुम्ही जाऊन सांगा तिला, की ही थट्टा होती. तुमचीच होती ना? सांगा, पुरे आता. पहिल्यासारखी हो म्हणावं.”

गेलो. मला तरी कुठं चैन पडत होतं, बघायचं होतं. वहिनी अंगणात दोरीवर एप्रन वाळत घालत होत्या. मी बाईला अठरा वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी क्षणभर वाटलं, हिची धाकटी बहीण आलीय की काय. मान ताठ. तोंडात चिमटा धरून कसलंसं गुणगुणत होत्या.

“भावजी! तुमचे उपकार झाले हो.”

“कसले?”

“मला वाटायचं मी सुखी आहे. म्हणजे होतेच असेन. पण ते कसं, दिवसभर ओझं उचलणाऱ्याला ओझं कळत नाही ना, तसं. परवा ह्यांना म्हणाले, तुम्ही माझ्या आईच्या आजारपणात एकदाही आला नाहीत. हे मला माहीत होतं, पण मी कधी म्हटलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा. म्हटलं आणि इतकी भूक लागली मला! चार घास जास्त जेवले.”

मी घसा खाकरला. “बख्या म्हणतो, पुरे आता. थट्टा होती.”

“माहीत आहे थट्टा होती.” त्यांनी चिमटा लावला. “एक सांगा. फणी टाकायची कल्पना कुणाची?”

त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. मला खरं सांगायला जागा होती. भरपूर होती. मी म्हणालो, “त्याचीच.”

काय करणार, तोंडातून निघून गेलं. तसंही टाकली त्यानंच.

“वाटलंच,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे आता वाटतं.”

“पण प्रेम तर आहे ना त्याच्यावर?”

“आहे की. ते कुठं जातंय? सवय आहे ती. उद्या पडले-झडले तर मीच उचलणार.” त्यांनी शेवटचा एप्रन झटकला, पाण्याचे थेंब माझ्या चष्म्यावर. “प्रेम आहे, भावजी. फक्त ते मला आवडत नाहीत.”

हे मी बख्याला सांगितलं नाही. सांगणार होतो, मोका शोधत होतो. असलं वाक्य असंच घाईघाईत वाया घालवत नाहीत. पण त्यापूर्वी शनिवारी दुपारी वहिनी स्वतःच दुकानात आल्या. हातात निळ्या कापडाची पिशवी. बाकड्यावर वकील अर्ध्या टाचलेल्या पॅन्टमध्ये बसलेला, शेजारी दात दुखणारा एक माणूस चुकून आमच्याकडे शिरलेला.

बख्या उठला. “अगं, तू कशाला आलीस, घरीच द्यायचं ना कापड.”

वहिनींनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. “ड्रेस शिवायचाय. तुम्ही कापा आणि शिवाही तुम्हीच. ह्याच्या हातचा नको.”

‘ह्यांच्या’ नाही. ‘ह्याच्या’. वकिलानं मान वर केली. वकिलांना एक टिंब गळलेलंसुद्धा कळतं.

शिंप्याच्या बायकोनं भर दुकानात दुसऱ्याकडे कपडा टाकला, यापेक्षा मोठी चपराक आमच्या धंद्यात नाही. बख्याचे कान लाल झाले. तरी तो सवयीनं वही ओढून म्हणाला, “माप मला पाठ आहे. घ्यायची गरज नाही.” आणि घडाघडा लिहायला लागला. छाती, कंबर, खांदा, बाही, मुंढा. मुंढा म्हणजे बाहीचा काखेतला गोल.

“घ्या,” वहिनी मला म्हणाल्या आणि हात पसरून उभ्या राहिल्या.

मी टेप फिरवली. आकडे ओरडलो. त्या दिवशी मला एक इंचही कमी करावासा वाटला नाही, कारण मला बख्याचं तोंड बघायचं होतं. छाती पाच इंच जास्त. कंबर सहा. मुंढा अडीच. त्याच्या वहीतले आकडे एका वीस वर्षांच्या मुलीचे होते.

“ते लग्नातलं आहे,” वहिनी त्याला म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पोरांना उठवताना बोलतात तसं हळू. “तू एकदाच माप घेतलंस. त्यानंतर वर्षाला दोन ड्रेस शिवलेस, सगळे त्या मापाचे. मी शिलाई उसवून, आत दुमडलेल्या दाबात कापड असेल तेवढं सोडून घालायचे. काखेत कापतात ते. बघायचंय? दाखवू इथं, ह्या लोकांना? काळे वण आहेत. आणि तू काय म्हणालास दर वेळी? अगदी फिट बसलाय.”

“मग बोलली का नाहीस?” बख्या ओरडला.

“तुला बरं वाटत होतं ना.”

दात दुखणारा माणूस गाल सोडून ऐकत होता.

बख्या टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला. मला वाटलं आता रडतो, किंवा हात उगारतो. त्यानं दोन्ही केलं नाही. त्यानं विचित्रच विचारलं.

“ती पाळणाघरातली पोरं,” तो म्हणाला. “त्यातलं कुणी नावडतं आहे तुला?”

“पोरं? नाही. सगळी आवडतात.”

“तो गादी ओली करणारा?”

“तोही.”

“तुझा भाऊ? हा मास्तर? खालचा चपलावाला?”

“ह्यांच्यात नावडण्यासारखं काय आहे?” ती म्हणाली. हे मला जरा लागलं, पण असो.

“म्हणजे मी एकटाच?”

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, जसं मी गिऱ्हाईक दारातून आत येताना बघतो. “हो,” ती म्हणाली. “तू एकटाच.”

आणि शपथेवर सांगतो, त्या माणसाचा चेहरा उजळला. कोट आयुष्यात पहिल्यांदा खांद्यावर बरोबर बसला की आरशात माणसं अशी दिसतात.

“परत म्हण,” तो म्हणाला.

“तू एकटाच आहेस मला न आवडणारा,” तिनं म्हटलं, स्पष्ट, मुद्दाम एकेक शब्द सुटा करून. मग माझ्याकडे वळली. “ड्रेस कधी मिळेल?”

“शुक्रवारी,” म्हटलं.

“माझं कधी होतंय?” वकील म्हणाला. “मी टाचण्यांत बसलोय.”

शुक्रवारी ती ड्रेस न्यायला आली तेव्हा पाळणाघराच्या वरच्या खोलीत राहायला गेलेली होती. ड्रेस दुकानातच घालून गेली. जिन्यावरून उतरताना दोन्ही हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. नुसतंच. उतरलीही घाईत असलेल्या माणसासारखी नाही, नुकतंच जिना उतरायला शिकलेल्या पोरासारखी. मला माझ्याच कटिंगचा अभिमान वाटला.

घरी आमच्या हिला सगळं सांगितलं. फणी सोडून. ती म्हणाली, “दुसऱ्याच्या बायकोला नावं ठेवायला शिकवायला गेला होतास? मला घेऊन जायचं होतंस, एका दिवसात काम झालं असतं.” मग माझी सात कामं राहिली होती ती सांगितली.

बख्याला तुम्ही रडत बसलेला समजत असाल. तसं असतं तर माझ्या पोटातलं दुखणं थांबलं असतं. हा दर शनिवारी दुपारी पाळणाघरात जातो. ती याला आत घेत नाही. दारात उभं करते, त्याच्यात काय काय वाईट आहे त्यातलं एखादं सांगते, आणि दार लावते. हा ते जपून, न सांडता घेऊन येतो आणि आठवडाभर पुरवतो. शिलाई पुन्हा सुधारलीय. गालातल्या गालात हसतो. मी हताश झालोय.

गेल्या शनिवारी परत आला तेव्हा मशीनवर बसायच्याआधीच विचारलं, “काय म्हणाल्या आज?”

“म्हणाली, तुझ्या पाठीला पोक आलंय. बघवत नाही.”

“आलंच आहे.”

“हो, पण मास्तर,” तो पुढं झुकला, आवाज खाली आणला. डोळे असे चमकत होते की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. “पोक मागून दिसतं ना? म्हणजे गेल्या वेळी मी निघाल्यावर तिनं लगेच दार लावलं नव्हतं. ती बघत उभी होती. गल्लीच्या टोकापर्यंत.”

“बाजूनंही दिसतं,” म्हटलं. “पोक बाजूनंही दिसतं, बख्या. तिच्या खिडकीतून तुला येतानाच दिसत असेल. एवढं कळत नाही, कोट काय शिवतोस?”